चारशे सतरा

इंदूरला समुद्र नाही.
आहे ती खान नदी, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.
तरी जंजीरवाला चौराह्यावर, दुसऱ्या मजल्यावर,
पारस छाजेडच्या ऑफिसात
टेबलावर तीन जहाजं लागली आहेत, चकचकीत कागदाची,
आणि त्यांच्यावर ह्यांचा चष्मा, पालथा.

पहिलं सगळ्यात मोठं. सोळा मजले,
चार हजार माणसं, अकरा ठिकाणी जेवण,
छतावर घसरगुंडी.
"आंटी, ये तो पूरं शहर आहे," पारस म्हणतो.
शहर आहे आमच्याकडे, मी म्हटलं.

दुसरं अगदी छोटं. दीडशे माणसं,
वाढप्यांना पांढरे हातमोजे,
परातीएवढ्या बशीत जिभेएवढा मासा
आणि बाजूला हिरवा एक थेंब.
"एवढ्यात पोट भरतं लोकांचं?"
ह्यांनी विचारलं, खरोखरच्या काळजीनं.

मघापासून हे जेवणाचंच विचारतायत.
पोहे वाफेवरचे की परतलेले?
सकाळी साडेसहाला स्वयंपाकघर उघडतं का?
दही रोज लावतात की डब्यातलं?
पारस लिहून घेतोय, बिचारा.

मी गर्दीचं विचारते.
रांग किती लांब लागते.
एका वेळी किती जण बसतात.
जेवणघराला दारं किती.
"आंटींना गर्दीची भीती वाटते का?"
हो रे, म्हटलं. फार.

आणि मी कोण, तर चाळीस वर्षं
सराफ्यात रात्री साडेअकराला
ह्यांचं कोपर धरून घुसलेली बाई.
पायाखाली द्रोण, पदराला तेल,
कढईवाला ओरडतोय आणि मी त्याच्या वरताण.

गेल्या पौषात तिथंच
कोपर सुटलं.

पंचवीस मिनिटं.

सापडले तेव्हा गराडूच्या गाडीला टेकून उभे होते,
दोन्ही हातांत द्रोण, दोन्ही गार झालेले.
दोन्हीवर जिरावण, माझ्यात लिंबू जास्त.
आपण कुठून आलो, तेवढंच निसटलं होतं.
लिंबाचं नव्हतं.

हे पारसला सांगायचं नाही.

तिसरं जहाज कोचीहून सुटतं. सात रात्री.
सहाशे चाळीस माणसं.
सहाशे चाळीस म्हणजे किती, ते मला पाठ आहे:
भाचीच्या लग्नात तेवढीच पानं उठली होती,
आणि हे दर वेळी मला सापडले
जिलबीच्या कढईपाशी,
आचाऱ्याला पाकाची तार शिकवताना.
जेवणघर एकच, दारं दोन.
वरती उघड्यावर कठडा, चहूबाजूंनी, छातीएवढा.
माणूस हरवून हरवून जाईल कुठं.

पारस खोल्यांचा नकाशा पसरतो.
ही घ्या, बाल्कनीची. ही कोपऱ्यातली, एकदम शांत.
आणि ही, चारशे सतरा?
"वो मत लो आंटी. स्वयंपाकघराला लागून आहे.
पहाटेपासून भांडी वाजतात, कांद्याचा वास येतो.
म्हणून तर स्वस्तात देतात."

"चारशे सतरा," हे एकदम मान वर करून म्हणाले,
"आपल्या लॅम्ब्रेटाचा नंबर.
मागची सीट फाटली होती.
तू शिवलीस. निळ्या दोऱ्यानं."

आज सोमवार की मंगळवार,
सकाळपासून तीनदा विचारून झालं होतं त्यांचं.

तीच दे, मी म्हटलं.
पारसनं पेनचं टोपण काढलं, मग पुन्हा लावलं.
"आंटी, नंतर म्हणू नका हां. वास येणार."

येईल ना पण नक्की?
मी विचारलं.
पार जिन्यापर्यंत?